‘जाऊन येते’ म्हणाली होती

लग्न होऊन पुण्याहून मद्रासला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावलं गेलं, की घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. पुण्यात आम्हीही ‘येते’च म्हणतो, पण सासरच्या या तंजावरी मराठी मंडळींचा कटाक्ष भलताच. भाजीला निघालं तरी ‘जाऊन येते’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती.

सासूबाई हॉस्पिटलात गेल्या, त्याही ‘जाऊन येते’ म्हणूनच. त्या परत आल्या नाहीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्मशानातून कोरड्या डोळ्यांनी घरी आले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसे ते हटून बसले आणि भटजींना दारात उभं करीनात.

“ती जाऊन येतें म्हणालीय. तुम्ही तिला कां घालवता?” म्हणायचे.

रेल्वेच्या कचेरीत जन्म घालवलेला शहाणासुरता माणूस! मला आधी राग आला. मग भीती वाटली, यांचं डोकं तर फिरत नाही ना?

त्या सुमारास माउंट रोडवर एका हिंदी सिनेमाचं भलंमोठं पोस्टर लागलं. यात मेलेली बायको नवऱ्याकडे परत येते म्हणे, असं मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे खरंच. मामंजी लगेच म्हणाले, “मला ने मा.” तमिळ धाटणीने ते मला ‘मा’ म्हणत. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण मी त्यांना मॅटिनीला नेलं.

मामंजींना हिंदीचा गंध नव्हता. मी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होते. नदीत बुडवून मारलेली बायको धुक्यातून येते, गाणी म्हणते, नवऱ्याकरवी खुनी शोधून काढते. मामंजी पडद्याकडे टक लावून बसले होते. एरवी मी अशा भुताला हसले असते. तिथे हसू येईना.

शेवटी खुनी पकडला जातो. ती घाटाच्या पायरीवर उभी राहते, नवरा तिचा पदर धरतो आणि ती त्याला काहीतरी सांगते. मामंजींनी माझं मनगट धरलं.

“काय म्हणाली? सांग मा.”

खोटं सांगता आलं असतं.

“जाते म्हणाली, मामंजी.”

“जाऊन येतें नाही?”

“नाही. मला सोड, म्हणाली.”

दिवे लागले, लोक उठले, तरी ते बसूनच होते.

घरी पोचलो तेव्हा रोजची फुलवाली पायरीशी आली होती. सासूबाईंचा मोगऱ्याचा गजरा मामंजी वर्षभर रोज घेत होते. सगळं ठाऊक असून ती मुकाट्याने देत होती, आणि अडवायची आमची छाती होत नव्हती. तिने गजरा पुढे केला. मामंजी तिला तमिळमध्ये म्हणाले, “आता नको, अम्मा. ती वारली.”

तिने टोपली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि आत्ताच बातमी कळल्यासारखी रडायला लागली. मामंजी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनाही रडू फुटलं.

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, “भटजींना निरोप धाडा.”