ऑटमारकाकांचं विरजण

"सुनेट्रा... विरजन?"

दारात ऑटमारकाका उभे होते. हातात मावशीचीच स्टीलची वाटी, रिकामी. मावशीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

इथे अमेरिकेत, शुगर लँडहून पश्चिमेला ड्राइव्ह करत राहिलं की घरं संपतात आणि नुसती कुंपणं सुरू होतात. तिथे माझी सुनेत्रामावशी राहते, कुंपणापलीकडे ऑटमारकाका. ऐंशीच्या घरातले, पंजे फावड्याएवढे. तरुणपणी जर्मनीहून आले तेव्हा इथे झुडपं आणि साप. विहीर त्यांनी खणली, ब्रुअरी त्यांनी बांधली. गावाहून आणलं होतं एवढंच: आईच्या ब्रुअरीतलं यीस्ट, बाटलीत, शर्टाच्या आत पोटाशी धरून. तेव्हापासून एका पिंपातलं थोडं काढून दुसऱ्यात. बिअर अखंड त्याचीच.

मावशी नवीन होती तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलेलं, "टॉवेलात काय गुंडाळतेस? बाळ?"

"दही. विरजण लावलंय."

विरजण म्हणजे काय, हे कळल्यावर काका हरखले. "म्हणजे तुझ्याकडेही आहे!"

"आहे ना. पण आम्ही ते शेजारीही देऊन ठेवतो. आपलं बिघडलं, की वाटी घेऊन त्यांच्या दारात."

दुसऱ्या दिवशी यीस्टची बरणी हजर.

"अहो, मी बिअरचा थेंब घेत नाही!"

"पिऊ नकोस. सांभाळ."

आणि या उन्हाळ्यात वादळ आलं. वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. उकाड्यात काकांचं यीस्ट सडलं. बाजारात दुसरं मिळतं, बिअरही झाली असती. पण ती आईची नसती.

"ऑटमार," मावशी हळूच म्हणाली, "फ्रिज माझाही बंद होता. माझ्याकडचं यीस्टही गेलं."

काकांनी वाटी टेबलावर ठेवली. आवाज न करता.

तेवढ्यात मावशी ओरडली, "प्रणिता!" शुगर लँडच्या या मैत्रिणीला तिने त्यातलं थोडं पावासाठी दिलं होतं. फोन स्पीकरवर.

"प्रणिता, ती यीस्टची बरणी आहे ना गं?"

"अहो ताई, कालच मंडळाची पावभाजी झाली! सगळं संपवलं. लोकांनी बोटं चाटली."

काकांना मराठी कळत नाही. पण त्यांनी मान खाली घातली.

"एक मिनिट ताई... बरणी घासायची राहिलीये. तळाला आहे थोडं. ओरडू नका हं, सिंक भरलंय माझं."

"त्या बरणीला हात लावलास तर बघ!"

काका, मावशी आणि मी, तिघं तशीच गाडी काढून गेलो. प्रणिताच्या किचनमध्ये, खरकट्या कढयांच्या शेजारी, काकांनी डोळे मिटून बरणीचा वास घेतला. घरी येऊन माल्टचं, म्हणजे मोड आलेल्या बार्लीचं, कोमट गोड पाणी त्यात ओतलं.

सकाळी त्यांनी मला ब्रुअरीत बोलावलं. "कान लाव."

मी बरणीला कान लावला. आत बारीक, दाट कुजबुज चालली होती, दूरवर गर्दी जमावी तशी. समुद्रापलीकडच्या, कधीच गेलेल्या एका बाईने हाच आवाज ऐकला होता. आणि परवा मंडळाने तो पावातून खाल्ला होता!

"आई," काका एवढंच म्हणाले.

मग फेस चढला. मोठं पिंप तयार होतं, माल्टचं पाणी निवलं होतं. काकांनी बरणी उचलली आणि थांबले. आधी मावशीची वाटी काठोकाठ भरली.

"पहिलं शेजारी," म्हणाले, आणि मगच पिंपाकडे वळले.