अप्पांची चौकट आणि मान वर करणारी करवत

वारल्यानंतर जवळजवळ वर्षभराने माझे वडील मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत येऊन बसले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे. आज साठी उलटली आहे, स्वभावातला अहंकार बराचसा झिजला आहे (उरलेला माझी पत्नी सुनंदा वेळोवेळी तासून देते), आणि ऐंशीच्या दशकातला तो सगळा प्रकार आठवला की त्यात यंत्राचा दोष मला फारच थोडा दिसतो.

अप्पांची नोकरी गिरणीच्या ऑफिसात, पण जीव रंधा आणि करवतीत. नात्यागोत्यात कोणी गेले की फोटोची चौकट अप्पांनी करायची, असा शिरस्ताच पडला होता. कोपरे ते असे जुळवीत की सांध्यावरून बोट फिरवले तरी तो लागत नसे. स्वतःसाठीही त्यांनी सोय करून ठेवली होती. गावच्या घराच्या मोडक्या दारातली सागाची एक पट्टी त्यांनी घासूनपुसून पलंगाखाली ठेवली होती आणि पाहुण्यांना ती दाखवीत ते शांतपणे म्हणत, "ही माझी." पट्टी नेमकी एका चौकटीपुरती होती. एक काप चुकला असता, तर अप्पा कायमचे बाजारच्या प्लास्टिकच्या चौकटीत गेले असते.

वर्षश्राद्धाला अप्पा त्यांच्याच सागात भिंतीवर दिसावेत, एवढी एकच इच्छा आईने बोलून दाखवली. मी आधी खोक्याच्या फळीवर अप्पांच्या हातकरवतीने सराव केला. चौकट जोडली आणि सुनंदासमोर धरली. तिने एक डोळा मिटून कोपऱ्यातल्या फटीतून माझ्याकडे पाहिले.

"अहो, तुम्ही दिसताय," ती म्हणाली.

त्या क्षणी मी यंत्र घेण्याचा निर्णय घेतला. (हातात कसब नसले की माणसाला अवजारे सुचतात, हे मला पुढे कळले.)

घाटकोपरला एका कच्छी शेठचे जुन्या परदेशी यंत्रांचे दुकान होते. बोटींवरून उतरलेला माल तिथे अंधारात रांगेने मांडलेला असे. आपण आत शिरलो की तो सगळा आपल्याकडे पाहतो आहे, असे वाटे. शेठने मला दोन करवती दाखवल्या. दोन्हींना लोखंडी बैठक आणि तिच्यावर वाकलेली मान होती, मानेच्या टोकाला दातेरी चकती होती.

"ही सादी," शेठ म्हणाला. "डावीकडे वळते, उजवीकडे वळते, बस. ही दुसरी कंपाउंड आहे. ही वळते पण, आणि मान तिरकी पण करते."

"मान तिरकी कशासाठी?"

"तिला पाहिजे म्हणून," शेठ गंभीरपणे म्हणाला. "साहेब, करायचंय काय तुम्हाला?"

"फोटोची चौकट."

"मग सादी घ्या ना. चौकटीला ही पण जास्त होते."

हा सल्ला संपूर्ण खरा होता. परंतु त्या वयात मला कोणी कमी सुचवले की तो अपमान वाटे. मी माहितीपत्रक उघडले. ते कुठल्याशा अनोळखी लिपीत होते, आणि त्यात हाताचे एक चित्र होते. पुढच्या चित्रात तो हात नव्हता. मी जाणकारासारखी मान डोलावली आणि कंपाउंड घेतली. शेठने सोबत विजेचा दाब उतरवणारा एक जड ठोकळा, डोळ्यांवर लावायचा मोठा काळा चष्मा आणि तेलकट कागदाची एक लहानशी पुडी दिली. पुडीत काही सुटे भाग असावेत. ती मी घरी येताच कपाटाच्या खणात टाकली आणि विसरलो.

यंत्र बाल्कनीत बसवले. मान उचलायला दोन्ही हात लावावे लागत, आणि सोडली की ती धाडकन खाली येई. हे परदेशी दर्जाचे लक्षण असावे, अशी मी समजूत करून घेतली. पहिल्यांदा चकती फिरली तेव्हा घरातले दिवे मंदावले आणि एक आवाज निघाला. तो करवतीचा वाटत नव्हता. कोणीतरी खोल विहिरीत तोंड घालून रडावे, तसा तो होता. मी बटण सोडले, चकती थांबली. आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला.

आई दारात येऊन उभी होती. "बंद कर," ती म्हणाली. "आणि झाक ते. दात दिसतात त्याचे."

झाकायला पुरेसे मोठे म्हणून सुनंदाने अप्पांचे पांढरे धोतर काढून दिले. मी ते यंत्रावर नीट पांघरले, आणि चष्मा हरवू नये म्हणून वरून मानेवरच अडकवून ठेवला. (माझ्या व्यवस्थितपणाबद्दल ऑफिसातही बोलले जाई.)

सागाची पट्टी त्या चकतीखाली धरण्याचा धीर मला होईना. आज करू, रविवारी करू, असे म्हणत दिवस गेले. दरम्यान समोरच्या इमारतीतले देशपांडे काका मला दुकानाशी भेटले.

"तुमच्याकडे कोणी वयस्कर पाहुणे आलेत का रे?"

"नाही, काका."

"दुपारी बाल्कनीत बसतात ना. मी हात केला. ओळख दिली नाही." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "अप्पाही देत नसत म्हणा."

मी घरी येऊन बाल्कनीकडे पाहिले. खाली घातलेली मान, खांद्यांवरून ओघळलेले धोतर, नाकावर उतरलेला चष्मा. अप्पा दुपारी पेपर वाचता वाचता पेंगत, ते अगदी असेच.

आई आता रोज दुपारी बाल्कनीच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडायला बसू लागली.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. तुझ्या मशीनशी." थोड्या वेळाने ती सहज म्हणाली, "काल मान वर केली त्याने."

"कशी करेल? खाली पडलेली असते ती."

"मी म्हटलं, पोराच्या हातून फट राहील हो. तेव्हा केली."

मी माहितीपत्रक आणले आणि चित्रातली स्प्रिंग तिला दाखवली. काम झाल्यावर मान आपोआप वर यावी म्हणून ती असते, कधी अवेळी सुटत असेल, असे शास्त्रीय भाषेत समजावले. आईने ऐकून घेतले. मग दोघांनीही एकाच वेळी बाल्कनीकडे पाहिले. तिथे काहीही हलत नव्हते, आणि ते अधिकच वाईट वाटत होते.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. चौकट झाली नव्हती. अप्पांचा फोटो उघडाच पाटावर भिंतीला टेकवून ठेवला. जोगेश्वरीहून अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, आली होती. गुरुजींना दुपारी आणखी एका घरी जायचे होते. विधी झाले, बाल्कनीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवले आणि आम्ही सगळे दारात उभे राहिलो. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचे नाही.

समोरच्या जांभळावर कावळे ओळीने बसले होते. एरवी सुनंदाच्या हातातली पोळी पळवणारे ते कावळे. आज एकही हलेना, एकही ओरडेना. ते पानाकडे बघतच नव्हते. त्यांच्या नजरा पानाच्या शेजारी होत्या.

"दादाचो जीव खंयतरी अडाकलो हा," आत्या म्हणाली. "बाबू, बापाशीक वचन दी."

"अप्पा, आईला अंतर देणार नाही," मी म्हणालो.

कावळे ढिम्म.

"गावच्या घराची कौलं परतून घेईन."

"नळाचं सांगा," सुनंदा मागून म्हणाली.

"मोरीतला नळ दुरुस्त करीन."

"आणि रविवारी भाजी आणीन, असंही म्हणा," सुनंदाने पुढे सुचवले.

"सुनंदा, हे अप्पांनी कधी मागितलं होतं?"

"सांगून तर बघा. काय जातंय?"

मी भाजीही कबूल केली. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले. आत वरणावर साय धरली होती. चौकट माझ्या हाताने कापीन, यंत्र परत करीन, हेही मी सांगून टाकले. एका कावळ्याने मान तिरकी केली आणि पुन्हा सरळ केली.

आत्या माझ्याकडे रोखून बघत होती. "तू कायतरी लपयतंस," ती म्हणाली. "दादाक ठावक आसा तां. म्हणान तो गप आसा."

ती बरोबर होती. जिन्याखाली उभा राहून मी चोरून सिगारेट ओढत असे. अप्पांनी एकदा पाहिले होते. बोलले काही नव्हते, नुसती चष्म्यावरून मान वर केली होती. मी हात जोडले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटलो, "अप्पा, सिगारेट सोडतो."

आणि धोतराखालची मान वर झाली.

सावकाश. पेंगणारा माणूस हाक ऐकून करतो, तशी. पूर्ण वर आली, काळा चष्मा माझ्याकडे झाला आणि तिथेच थांबला. वारा पडलेला होता. आत्याने जमिनीवर लोटांगण घातले. गुरुजी दक्षिणा न घेता जिन्यात पोचले होते (ती सुनंदाने नंतर त्यांच्या घरी नेऊन दिली). आई तेवढी शांत होती. "सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

माझी वाट लागली होती, पण घरातला कर्ता पुरुष या नात्याने मी पुढे झालो आणि डोळे मिटून धोतर ओढले. मान धाडकन खाली पडली. खाली साधे लोखंड होते. त्याच क्षणी पहिला कावळा पानावर उतरला.

"ती स्प्रिंग होती," मी जेवताना समजावले. "आणि कावळे धोतराला बुजले होते, म्हणून शिवत नव्हते. वचनांचा काही संबंध नाही."

"नसू दे," सुनंदा मला वाढत म्हणाली. "भाजीची पिशवी दाराच्या मागे आहे."

पुढच्या आठवड्यात अप्पांची सागाची पट्टी मी त्यांच्याच हातकरवतीने कापली. तीन कोपरे जुळले. चौथ्यात फट राहिली, तिच्यात मी मेण भरले. आईने चौकटीवरून हात फिरवला, मेणाशी बोट थांबले, पण ती म्हणाली, "छान झालंय." त्यानंतर यंत्र, ठोकळा, चष्मा आणि ती विसरलेली पुडी घेऊन मी घाटकोपरला गेलो. शेठने पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, स्प्रिंग तर इथेच आहे. टेम्पोत मान उडायला नको म्हणून मी काढून दिली होती. तुम्ही बसवलीच नाही?"

"स्प्रिंगशिवाय," मी शक्य तितक्या सहज विचारले, "ही मान आपोआप वर येऊ शकते?"

शेठने दोन्ही हातांनी मान उचलली आणि सोडली. ती धाडकन खाली आली. "आपोआप ती फक्त खाली येते," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर मी सिगारेटला हात लावलेला नाही. इतकी जुनी सवय एका दिवसात कशी सुटली, असे आजही लोक कौतुकाने विचारतात. मनोनिग्रहाने, असे मी नम्रपणे सांगतो. सांगताना अप्पांच्या फोटोकडे माझी पाठ असेल, एवढी मात्र काळजी घेतो.