न पाहिलेले पत्ते

मी हरले की मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजायला नको. चिंचोक्यांवर खेळतानाही येतो. चिंचोके आमच्याच डब्यातले, डाव संपला की परत त्याच डब्यात जाणारे, तरीही.

आमचं घर सिंदी मेघेत. मी शाळेत शिवणकाम शिकवायचे आणि ह्यांचं वर्ध्यात कापडाचं लहानसं दुकान होतं. दोन्ही सुटलं आणि दुपारी फार मोठ्या झाल्या. उन्हाळ्यात तर ऊन उतरेपर्यंत गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि डोळा लागतो न लागतो तोच सगळं घर हळूहळू कुठेतरी वाहत चाललंय असं वाटायचं. अशाच एका दुपारी शेजारचे भाऊजी आणि ताई पत्त्यांचा कॅट घेऊन आमच्याकडे आले. कारंजा घाडगेजवळ हायवेवर भाऊजींचा ढाबा होता. ट्रकवाल्यांच्या संगतीनं त्यांचा तीन पत्तीत हात बसलेला. म्हातारपणी इथे राहायला आले, पण पत्ते पिसताना अजून त्यांची बोटं पंचविशीतली असतात.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला तीन पत्ते. ज्याला भरवसा वाटतो तो मधे चिंचोके टाकत राहतो. ज्याचा भरवसा सुटतो तो "पॅक" म्हणतो आणि पत्ते पालथे ठेवतो. शेवटी दोघं उरले की एक जण "शो" मागतो आणि पत्ते उघडतात. ज्याच्यात हिंमत असेल त्यानं पत्ते न पाहताच खेळावं. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि त्याला चिंचोके निम्मेच लागतात. भाऊजींचा एक नियम होता, तो ते बोट वर करून सांगायचे.

"ब्लाइंडवाल्याकडून शो मांगता येत नाई, वहिनी. ज्यानं पाह्यलं त्यानं भरत राहावं, नाई तं उठून जावं."

"हा कुठला न्याय?" मी म्हटलं.

"न्याय कायचा? खेळ होय तो."

पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं. ती हसली. "आई, हा तर पोकरचा मावसभाऊ. आमच्या ऑफिसातले लोक मोबाइलवर खेळतात आणि सकाळी सुजलेले डोळे घेऊन येतात. त्यात पत्त्यांपेक्षा समोरच्याचं तोंड वाचावं लागतं म्हणे. डोक्याला ताप करून घेऊ नकोस." मी म्हटलं, चिंचोक्यांचा कसला आलाय ताप?

पण आला. हातात जोडी आली की घसा कोरडा पडायचा. कलर आला, म्हणजे तीनही पत्ते एका रंगाचे, की तळपायांना घाम सुटायचा आणि मी पंख्याकडे बघत बसायचे. छातीत असं धडधडायचं की वाटायचं, ताईंना ऐकू जात असणार. डाव संपला, चिंचोके डब्यात गेले, चहा झाला, तरी ते धडधडणं घरात मागे राहायचं. कूलरसमोर डोळे मिटले की पापण्यांच्या आत पत्ते पडत राहायचे. लाल, काळा, लाल. मधेच एखादी राणी मान वळवून माझ्याकडे बघायची आणि ओळख न दाखवता निघून जायची. जाग आली की ते स्वप्न होतं की डाव, हे कळायला मला थोडा वेळ लागायचा.

मग सगळं वर्धाच मला सतरंजीवर बसलेलं दिसायला लागलं. भाजीवाला म्हणाला, "याच्याहून कमी नाई होत, काकू," की मी त्याच्या गळ्याची शीर बघायचे. मी अधूनमधून पवनारला धाम नदीच्या काठी जाऊन बसते, नुसतीच. त्या बसमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर पिशवी आणि तोंडावर काहीच नाही. हिच्याकडे काय असेल? ट्रेल, म्हणजे तीनही सारखे, की नुसताच कचरा? नदीवरही तेच. पाणी येत होतं, जात होतं, तोंडावरची रेषही न हलवता, आणि मी काठावर बसून त्याचे पत्ते ओळखत होते. उठताना माझं मलाच हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. एवढं डोकं मी शाळेतही कधी चालवलं नव्हतं.

ह्यांचं तोंड मात्र वाचावंच लागायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक भाव विचारायचंच नाही, ह्यांच्याकडे बघायचं आणि किती खाली येतील ते समजायचं. पोटातलं ओठावर, अशी माणसं असतात. ह्यांचं ओठाच्याही आधी पायावर यायचं. सतरंजीवर मांडी घालून बसलेले असायचे. चांगले पत्ते आले की डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर व्हायचा. आपल्याला भाजी आवडली हे सांगायलाही तो अंगठा वर होतो, मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही झाला होता. आम्ही तिघंही त्या अंगठ्याकडे बघून पॅक करायचो. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की चांगले पत्ते आले की सगळे का पळतात. "नशीबच नाई बा माझं," म्हणायचे आणि चार चिंचोके ओढून घ्यायचे.

पोळ्याच्या सुमारास हे बदललं. पोळ्याच्या दिवसांत आमच्याकडे पत्ते खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. जो तो बसलेला असतो. पुरणपोळी खाऊन आम्हीही बसलो. हे पहिल्याच डावाला म्हणाले, "मी ब्लाइंड." पत्ते पालथेच ठेवले. दुसऱ्या डावालाही तेच, तिसऱ्यालाही. अंगठा जागचा हलला नाही. चेहरा शांत, जरासा झोपाळू. आम्ही घाबरून एकामागून एक पॅक होत गेलो आणि ह्यांच्यासमोर चिंचोक्यांचा ढीग झाला.

"वा भाऊ! काय छाती हाय!" भाऊजी म्हणाले. "ढाब्यावर असा गडी म्या एकच पाह्यलता."

मला राग आला. हरल्याचा तर होताच; पण इतक्या वर्षांत ज्या माणसाला एक वाढदिवस लपवता आला नाही, तो अचानक लपवायला शिकला कुठून, याचा जास्त. मी पाळत ठेवायला लागले. कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी घेऊन आले. मी टोकलं, तर हसून म्हणाले, "गंमत केली तुयी." मी मनात म्हटलं, बरं, खेळा. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, चौकटीला हात लावून. "सांग पाहू, मी काऊन आलो असन?" मी पोळी लाटत होते. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. काहीच सापडलं नाही. "मला नका फसवू," मी म्हणाले. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. त्या दिवशी मी ताईंना सांगितलं, "आमचे हे आता पक्के लबाड झालेत हो." सांगताना मला चक्क अभिमान वाटत होता.

खेळाने माझ्या डोक्याचं हे करून ठेवलं होतं. माणूस खरं बोलत असेल, ही शक्यताच मी पॅक करून टाकली होती.

मग हिवाळा आला. ऊन खोलीत सतरंजीपर्यंत यायला लागलं आणि दुपारचे डाव पुन्हा लांबले. अशाच एका दुपारी मी पत्ते उचलले आणि तीन राण्या निघाल्या. ट्रेल. इतक्या महिन्यांत माझ्याकडे ट्रेल आली नव्हती. मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. भाऊजी पॅक झाले, ताई पॅक झाल्या. हे ब्लाइंड. मी चिंचोके टाकले, ह्यांनी निम्मे टाकले. मी टाकले, ह्यांनी टाकले. शो मागायची सोय नाही. उन्हाचा पट्टा माझ्या हातावर होता, बाहेर कुणीतरी गोदड्या झटकत होतं, आणि माझ्या कानात इतकं रक्त सळसळत होतं की तो आवाज फार लांबून येत होता. जिंकण्याच्या इतक्या जवळ मी कधीच आले नव्हते. शेवटी माझा तोल सुटला.

"अहो, एकदा बघा तरी तुमचे पत्ते!"

ह्यांनी पत्ते उचलले. बघितले. खाली ठेवले. पुन्हा उचलून बघितले. ठेवले. तिसऱ्यांदा उचलले आणि त्यातला एक माझ्याकडे वळवून धरला. उरलेली चौथी राणी होती ती, बदामची.

"ही बाई कोन होय?" त्यांनी विचारलं.

भाऊजी मांडीवर थाप मारून हसले. "भाऊ, लय जबरा खेळून राह्यले तुमी! वहिनीले पागल करान!" ताईही हसल्या. मीही हसणार होते. मग मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. तेच तोंड होतं, दुकानातलं, लग्नातलं, सगळं वर लिहिलेलं. त्यावर आजही काही लपवलेलं नव्हतं. त्यांना ती राणी खरंच माहीत नव्हती, आणि ते मला विचारत होते, कारण घरात काही अडलं की ते मलाच विचारतात. मेथीचं, दाराचं, पोळ्याच्या पालथ्या पत्त्यांचं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकदम गेलं. पत्ते बघूनही डोक्यात टिकत नव्हते, म्हणून ते बघायचेच बंद झाले होते. आणि आम्ही त्याला छाती म्हणत होतो.

"माझं ब्लाइंडच राहू द्या," ते म्हणाले आणि पत्ते पालथे घातले.

"असं कसं भाऊ? आता पाह्यलं ना तुमी!" भाऊजी म्हणाले. "वहिनी, मांगा शो. आता मांगता येते."

मागता येत होता. तीन राण्या माझ्या हातात होत्या. पण पत्ते उघडले असते तर भाऊजींनी ह्यांना विचारलं असतं, भाऊ, हे काय घेऊन बसले होते, आणि ह्यांना चौघांत उत्तर शोधत बसावं लागलं असतं.

"त्यांनी कुठे पाहिले? नुसते उचलले," मी म्हणाले. "ब्लाइंडच आहे त्यांचं. पॅक."

आणि माझे पत्ते पालथे करून कॅटात सरकवले. ह्यांनी चिंचोके ओढून घेतले. गोळा करता करता ताईंच्या हातात माझे तीन पत्ते आले. त्यांनी ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं. पत्ते पिसून टाकले, नेहमीपेक्षा जास्त वेळ पिसले. त्या दिवशी हरूनही मला राग आला नाही.

नंतर नागपूरला डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. मुलगी येऊन रडून गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना जे आवडतं ते करू द्या, फक्त ताण नको. भाऊजींना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आपल्याच बोटांकडे बघत राहिले. "आपन हासलो वहिनी," एवढंच म्हणाले. अजूनही येतात. आता नियम सांगत नाहीत.

बाकीच्या दुपारी आम्ही दोघंच खेळतो. मी बघून, हे ब्लाइंड. शो मागता येत नाही आणि उठून जाता येत नाही, म्हणून भरत राहते. माझी धडधड अजून थांबलेली नाही, फक्त ती पत्त्यांसाठी होत नाही. डोळे मिटले की पत्ते अजून पडतात. राणी अजून मान वळवते. आता मी तिला थांबवून सांगते, अगं, ओळख तरी दे त्यांना.

परवा ह्यांनी आपले पत्ते माझ्याकडे सरकवले. "तू पाह्य," म्हणाले. "मले सांग, चांगले आहेत का?"

मी उचलून बघितले. दुर्री, तिर्री, पंजा, तीन वेगळ्या रंगांचे. याहून वाईट पत्ते कॅटात शोधून सापडायचे नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी मन लावून, आणि मी सगळ्या वर्षाचा सराव पणाला लावून तोंडावरची एक रेष हलू दिली नाही.

"लय चांगले आहेत," मी म्हणाले.

त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा वर झाला.