थोरल्याच्या हातचं गणित

कुरुंद्याच्या त्या मावशीची गोष्ट मला अजून जशीच्या तशी आठवती. मालक पोलिसात जमादार होते, आता नौकरी सुटली, घरीच असतेत. लोक येऊन म्हणतेत जमादार, एखादी जुनी केस सांगा, तर ते दरोड्याची सांगतेत, बैलचोराची सांगतेत, ही सांगत न्हाईत. म्हणून मी सांगते. मी चौथीपस्तोर शिकलेली, कायद्यातलं मला कमी कळतं, काही चुकलं तर समजून घ्या, पण ही केस माझ्या चुलीपाशी उकलली, मी तिथंच होते.

तवा आमी हिंगोलीला पोलीस लाईनीत राहत होतो. माझं पहिलं लेकरू अंगावर पीत होतं. ठाणं लाईनीला लागूनच, तिकडं कुणी वरडलं का लेकरू दचकायचं, मी त्याला पदराखाली घेऊन आतल्या भिंतीला टेकून बसायची.

मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. शाळेतले गणिताचे मास्तर ठाण्यात आले अन् त्यांनी खबर दिली. परीक्षेला शाळेतले मास्तर वर्गात उभे करत न्हाईत, बाहेरगावचे आणतेत, तसे आणले होते. पण पेपर बांधायच्या वक्ताला ह्या मास्तरांची नजर एका पेपरावर गेली. कुरुंद्याच्या पोराचा पेपर, समदी गणितं सोडवलेली. मास्तर म्हणले, ह्या पोराला फळ्यापाशी बोलावलं का घाम फुटतो, ह्याच्यानं हे होणार न्हाई, परचा, म्हंजे प्रश्नांचा कागद, आधीच कुठूनतरी फुटलाय.

शक घट्ट व्हायला कारण बी होतं. पोराला पुढं सायन्स घेऊन इंजिनेर व्हायचं, हे समद्या शाळेला ठावं. त्याला नुसतं पास होऊन भागत न्हाई. गणितात वरचे मार्क लागतेत, न्हाईतर हैद्राबादला कालेजाच्या दारातूनच परत लावतेत. पास तर ते पोरगं आपलं आपण झालं असतं, हे मास्तर बी कबूल करत होते. वरचे मार्क कुठून आणायचे, तिथंच समदं अडलं होतं.

ठाण्याचे मोठे साहेब, त्यांना अमीनसाहेब म्हणायचे, त्यांनी पोराला आणलं, शिपायाला धाडून त्याच्या थोरल्या भावाला बी आणलं. मालक जेवायला आले का मी भीत भीत इचारायची, काय झालं. एरवी सांगत नसायचे, पण ह्या केसनं त्यांना बेजार केलं होतं.

"साहेब इचारून राहिलेत, सच बोल, पर्चा किसने दिया. पोरगं म्हणतं, मी चोरला न्हाई. मी त्याच्यापुढं पाटी ठेवली, म्हणलं हेच गणित पुन्हा करून दाखव. पाटीकडं बघत बसलं नुसतं."

"मंग चोरलाच असंल की."

"चोरणारा पोरगा इतकं इचारल्यावर कुणाचं तरी नाव घेतो. हे कुणाचंच घेत न्हाई. अन् थोरला त्याच्यापेक्षा गप. दोघं एकमेकाकडं बघत बी न्हाईत, त्याचंच मला कोडं पडलंय."

मंग त्या पोरांची आई आली. कुरुंद्याहून बैलगाडीनं आली अन् ठाण्याच्या फाटकापाशी खाली बसली, उठंच ना. बाईमाणसाला ठाण्यात बसवायची रीत नव्हती. बाईकडं काही काम असलं का तिला जमादाराच्या घरी बसवायचे, तिथंच तिचं पाणी, तिथंच भाकर. मालक तिला घेऊन आले अन् मला दाराआड म्हणले, "तिला जेवू घाल. संगं बस. तू काही इचारू नको, बोलली तर ऐकून घे." मला वाटलं, दया आली म्हणून सांगून राहिलेत.

मावशीचे हात मनगटापस्तोर पिवळे होते. हळद शिजवायचे दिवस, कढईवरूनच उठून आली होती. भाकर पुढं ठेवली तर तिनं आधी माझं लेकरू मांडीवर घेतलं.

"काय रे, बाप जमादार अन् तू इतका रडका व्हय? तुझ्याच्यानं चोर कसे धरायचे?"

लेकरू हसलं. मला बी बरं वाटलं, भीती जराशी उतरली. ती जेवली, अन् मंग आपल्या मनानंच बोलाया लागली.

"पोरी, तुझ्या मालकाला एवढं सांग. माझी लेकरं चोर न्हाईत. आमच्या घरात दुसऱ्याच्या वावरातला भुट्टा कुणी तोडला न्हाई. म्हणे परचा चोरला. चोरायचं काय नडलंय, गणित तर थोरल्यानं केलं."

"थोरल्यानं?"

"व्हय तर. थोरल्याचं डोकं गणितात लई चालतं, पर इंग्रजीत दोनदा गेला बिचारा. धाकल्याला इंग्रजी येतं, उर्दू येतं, समदं येतं, गणित तेवढं येत न्हाई. मंग काय, ज्याला जे येतं ते त्यानं लिवलं. वावरात आमी असंच करतो. थोरला नांगर धरतो, धाकला पाणी देतो. पीक काय दोन घरात जातं व्हय?"

मला ते इतकं बराबर वाटलं, खरं सांगते. पण एक मनात आलं अन् मी इचारलं, मालकांनी इचारू नको म्हणलं होतं तरी तोंडातून गेलंच, "पर मावशी, कालेजात गेल्यावर तिथं गणित कोण करंल?"

"अगं थोरला जाईल की संगं. दोघं खोली करून राहतेल. भाकरी थापायला मी हायेच." अन् माझ्याकडं अशी बघितली जशी मी येडी हाय. "घरात एक इंजिनेर झाला म्हंजे झालं. नाव कुणाचं का असंना."

मालक आले तशी मी पळत गेले अन् एका दमात समदं सांगितलं. मला वाटलं आता पोरं सुटली, चोरी केलीच न्हाई तर ठेवतेल कशाला. मालकांचा हात पाण्याच्या तांब्यावर होता, तो तसाच राहिला.

"दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसला?"

"भावाच्याच की."

"अगं, परचा चोरण्याइतकंच हे बी वंगाळ हाय."

"मंग साहेबाला सांगू नका."

त्यांनी तांब्यावरचा हात काढला. "चोरीचा शक तसाच ठेवला तर शाळेतला कुणीतरी गरीब शिपाई ह्याच्यात जाईल, परचा त्यानंच दिला म्हणून. ऐकलंय ते मला न्हाई ऐकलं करता येत न्हाई." अन् न जेवताच निघून गेले.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. त्यांनी दोघा भावांना हात पुढं करायला लावले. धाकल्याचे पांढरे, परीक्षा म्हणून महिनाभर त्याला घरच्यांनी कढईजवळ फिरकू दिलं नव्हतं. थोरल्याच्या नखात हळद. बाहेरगावच्या मास्तरांना बोलावून इचारलं, तर ते म्हणले, गणिताच्या दिवशी ज्यानं पेपर दिला त्याची बोटं पिवळी होती, मला वाटलं घरात लगीन असंल. मंग थोरल्यानं इकबाल केला, समदं कबूल केलं. केल्यावर त्यानं एकच गोष्ट मागितली. मालकांना म्हणला, "जमादारसाहेब, हे आईच्या बोलण्यातून निघालं, हे तिला कळू देऊ नका."

चोरीचा शक गेला. पण धाकल्याची समदी परीक्षा रद्द झाली, त्यानं स्वतः लिवलेले पेपर बी गेले, अन् दोघांनाबी पुढं परीक्षेला बसायची बंदी झाली. अमीनसाहेब काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी केस तिथंच मिटवली, पोरांना तुरुंग दावला न्हाई. म्हणले, दोनों को मिलाके एक अच्छा इंजिनेर बनता था.

पोरं घेऊन जायच्या आधी मावशी माझ्या दारी आली. पोरं गाडीजवळ खाली मान घालून उभी. तिनं माझ्या लेकराच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"तुझ्या जिभेला साखर पडो. तू सांगितलं म्हणून माझ्या लेकरावरचा चोरीचा डाग गेला." अन् मंग हळूच इचारलं, "आता कालेजाचं कवा जायचं असतं? पोरं काही बोलंनात. तू मालकाला इचारून ठेव."

मी व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार. थोरला माझ्याकडं बघून राहिला होता.

पुढं कळलं, पोरांनी तिला सांगितलं का कालेजात जागा भरल्या. धाकला नांदेडकडं कुणाच्या तरी दुकानात गेला. थोरला वावरात हाय. मालक एकदा कुरुंद्याकडून आले अन् म्हणले, तो लोकांच्या विहिरीचं पाणी किती दिवस पुरंल ते नुसतं वाकून बघून सांगतो. एवढंच बोलले.

लाईनीत बाईजवळ बाई काहून बसवतेत, ते मला त्या केसनंतर कळलं. मालक म्हणतेत, तू काही वाईट केलं न्हाईस, अन् ते खरं बी असंल. पण मालकांची नौकरी सुटली तरी अजून कुणी बाई माझ्या वट्ट्यावर येऊन बसली, घरातलं सांगाया लागली, का मी तिचा हात धरते अन् आधी सांगते, बाई, मी जमादाराची बायको हाय, बघून बोल.