बिनगिअरच्या गाडीचं तेल

भोरला एस.टी. स्टँडामागे माझं गॅरेज होतं तेव्हाची ही गोष्ट. साठ साल उलटून दहाएक वर्षं झाली होती. ट्रक असो नाहीतर जीप, मी डोळे मिटून खोलायचो आणि डोळे मिटून जोडायचो, आणि तसं चारचौघांत सांगायचोही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या ड्रायव्हरची सालटी काढायची, मग बॉनेट उघडायचं, ही माझी रीत. शेजारच्या हॉटेलात बसलेल्यांना त्यात मजा यायची आणि मला त्यांच्या हसण्याची चटक लागली होती.

भाताच्या गिरणीच्या मालकांनी पुण्याहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. तिला क्लच नव्हता. भोरात तिला बिनगिअरची गाडी म्हणत. खरं तर गिअर होते, पण ते गिअरबॉक्सच्या, आम्ही त्याला डबा म्हणायचो, आत तेलाच्या दाबावर आपले आपण बदलायचे. गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. मूळचा वेल्ह्याकडचा, पन्नाशीचा, बारा वर्षं पुण्यात हीच गाडी चालवलेला. बायको वारलेली, पदरात एक मुलगी. मालकांनी त्याला गिरणीच्या मागची खोली दिली. मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात, अकरावीला होती. तेव्हा अकरावीचीच मॅट्रिक असायची. तिचा वर्गात पहिला नंबर यायचा. बाप कधी त्याचा तोरा मिरवायचा नाही, मला ते बहिणीकडून कळायचं.

माणूस बौद्ध होता. हॉटेलात त्याचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या फळीवर पालथा घातलेला. चहा पिऊन झाला की तो स्वतःच विसळून परत ठेवायचा. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं, हे लपवत नाही.

संक्रांतीनंतर गाडी कुरकुर करायला लागली. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग एकदम असा हिसका देऊन गिअर पडायचा, की मागे बसलेल्याची टोपी पुढे यायची. ड्रायव्हर गाडी घेऊन माझ्याकडे आला. असला डबा मी जन्मात उघडला नव्हता. पण हॉटेलाच्या बाकावर सात-आठ जण बसले होते, त्यांच्यादेखत तसं सांगणार कोण? मी इंजिन बंद करायला लावलं, डब्यातलं तेल मोजायची कांडी ओढून पुसली, परत घालून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं.

"तेल भरलंय," मी म्हणालो. "गिअरच्या दांड्या ढिल्या झाल्यात."

"मिस्त्री, रागावू नगा," तो हळूच म्हणाला. "ह्या डब्याचं तेल चालू इंजिनावर बघत्यात. गाडी गरम करून. इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं, मंग कमी असलं तरी भरल्यावानी दिसतं."

तो बरोबर सांगत होता. आज हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक आहे. पण बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घ्या मिस्त्री, आता शिकवणी लावा!" आणि सगळे हसले. रोज मी लोकांना हसवायचो, त्या दिवशी लोक मला हसले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

"तू शिकवणार व्हय मला?" मी ओरडलो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. "चाक धरायचं काम तुझं. डब्यात नाक खुपसू नगंस, तेल घालशील तर मालकांना सांगीन."

 मी बाहेरच्या दोन दांड्या आवळल्या, एक बोल्ट उगाच बदलला आणि गाडी दिली. इंजिन चालू ठेवून कांडी बघायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी दिलं नाही, कारण तसं केलं असतं तर तो खरा ठरला असता.

पंधरा-वीस दिवसांनी गाडी कात्रजच्या चढाला कायमची बसली. मालक व्याह्यांना घेऊन निघाले होते. व्याह्यांदेखत गाडी ट्रकच्या मागे दोराला बांधून आणावी लागली. मी डबा उतरवून खोलला. तेल काळं ठिक्कर, वास तळाला करपलेल्या आमटीसारखा, आणि आतल्या चकत्या जळून कोळसा झालेल्या. मागच्या बाजूचं सील फाटलं होतं, तिथून तेल महिनाभर गळत असणार. सगळं उघड दिसत होतं. तेल कमी होतं, ते मी भरलंय म्हणून सांगितलं, आणि गाडी तशीच चालवून चालवून डबा जळला. शेंबडं पोरही सांगेल दोष कुणाचा.

मालक आले, मागोमाग ड्रायव्हर. हॉटेलातले उठून दारात उभे राहिले.

"कशानं झालं हे?" मालकांनी विचारलं.

आमच्याकडे एक रीत होती. घाटाच्या डोक्यावर पोचलं की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा आणि गाडी उतारावर मोकळी सोडून द्यायचा. पेट्रोल वाचायचं. वरंध्याला काय, कात्रजला काय, हे न करणारा ड्रायव्हर मी पाहिला नव्हता. साध्या गाडीचा डबा त्यानं बिघडत नाही. या गाडीत मात्र इंजिन बंद झालं की तेलाचा पंप बंद, पंप बंद की आतलं सगळं कोरडं. हेही मला ड्रायव्हरनंच कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं.

"घाटात इंजिन बंद करून गाडी सोडली की आसंच व्हतं," मी म्हणालो. "पंप चालत न्हाई, डबा जळतो. दुसरं काय बी कारण न्हाई."

ड्रायव्हर मालकांना म्हणाला, "म्या कधीच सोडली न्हाई, मालक. ह्या गाडीला ते चालत न्हाई. बारा वर्सांत एकदा बी न्हाई. मिस्त्रींना म्याच सांगितलं हुतं."

"मंजी ठाऊक हुतं, तरी केलंस," मी म्हणालो.

दारातल्या दोन ट्रकवाल्यांकडे वळून मालकांनी विचारलं, "काय रे, घाटात गाडी सोडता का तुमी?"

"कोण सोडत न्हाई, मालक?" एक जण हसत म्हणाला. झालं. एवढ्यावर निकाल लागला. सगळे सोडतात, म्हणजे यानंही सोडली. सगळ्या तालुक्यात एकट्यानं जे कधी केलं नव्हतं, त्यासाठी त्याची नोकरी गेली. आणि खरं सांगतो, तो मान खाली घालून गेला तेव्हा मला बरं वाटलं. बाकावरचं ते हसणं फिटलं असं वाटलं.

दोन दिवसांनी तो मालकांकडे आला. मी डब्याच्या सामानाविषयी बोलायला तिथंच बसलो होतो. मुलीच्या मॅट्रिकच्या परीक्षेला तीन आठवडे होते. भोरात त्याचं कुणी नव्हतं. वेल्ह्याकडच्या त्याच्या गावाहून येणारी एकमेव एस.टी. भोरात पोचायची दुपारी, आणि पेपर सुरू व्हायचा सकाळी अकराला.

"पगार नगं, काय नगं," तो म्हणाला. "पोरीचे पेपर हुईस्तोवर खोली ऱ्हाऊ द्या. म्या आज जातो, ती एकली ऱ्हाईल."

मालक काही दुष्ट नव्हते. राग ओसरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय करावं, मिस्त्री?"

राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. जीभ झिजली नसती. पण ती पोरगी तीन आठवडे माझ्या गॅरेजवरून शाळेत येणार-जाणार, आणि तिला सगळं ठाऊक असणार, हे मला नको होतं.

"नवा डायवर कुठं ऱ्हाईल मंग?" मी म्हणालो. नवा ड्रायव्हर अजून शोधायलाही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापलेक एस.टी.त बसले. एक ट्रंक, एक वळकटी आणि मुलीच्या छातीशी धरलेलं दप्तर. ड्रायव्हर मुद्दाम गॅरेजच्या दाराशी आला. मला वाटलं, आता शिव्या घालील, आणि मी हातात पाना घेऊन तयार राहिलो.

"नवं सील आठवणीनं टाका," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय."

पुण्याच्या जुन्या बाजारातून चकत्या आणून मी डबा बसवला. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, गाडी गरम करून, तो म्हणाला होता अगदी तसं. गाडी अशी पळायला लागली की गिअर कधी पडला ते कळू नये. मालकांनी पाठ थोपटली. बाकावरच्यांनीही मान डोलावली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी बहीण जेवायला बसली, पण भाकरीला हात लावेना. म्हणाली, ती आलीच नाही. वर्गाच्या बाई तिचं प्रवेशपत्र हातात धरून घंटा होईपर्यंत फाटकात उभ्या होत्या. आई म्हणाली, आजारी असंल पोरगी. बहिणीनं ताट पुढे सारलं. मग तिचे डोळे एकदम उजळले.

"दादा, उद्या बी पेपर हाय," ती म्हणाली. "मालकांची गाडी नीट झालीया न्हवं? तू सांगितलंस तर मालक न्हाई म्हणायचे न्हाईत. पहाटं जाऊन तिला आणू की."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"गाडी अजून गिअर टाकत न्हाई," मी म्हणालो.