नागोजीच्या टॅपेटांची भोकं

कमरीपेठेत कुणालाही विचारा, नागोजी मिस्त्रीला साधी टॅपेटं लावता येत नाहीत, असंच सांगतील. सांगोत मेले! शेजारच्या दुकानात बॅटऱ्या चार्ज करता करता मी सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

टॅपेट म्हणजे इंजिनातली बोटभर लोखंडी वाटी. खालून कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, तिला ढकलतो, मग व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, उघडतो. कॅम आणि टॅपेट जिथं घासतात नेमकं तिथंच तेल पोचत नाही, म्हणून ती झिजतात आणि गाडी वाजते, हे नागोजीचं दुखणं. शहात्तर साली त्यानं भंगारातली आठ टॅपेटं आणली आणि प्रत्येकाला बारीक भोक पाडायला बसला. लोखंड असं कडक की ड्रिल मोडायचे. ड्रिल मोडला की कंपनीच्या इंजिनिअरांना कन्नडमधून शिव्या. मराठीतल्या त्याला पुरत नसत.

"कंपनीला सुचलं नाही ते तुला सुचलं होय रे?" पेठ हसायची.

"बघा की! गाडी वाजली तर दुकानाची पाटी उतरवतो," तो सगळ्यांसमोर बोलून बसला.

गाडी दिली मळमड्डीच्या मुकुंदरावांनी. कलघटगीचे रिटायर्ड तहसीलदार. त्यांची ॲम्बॅसिडर इतकी टकटकायची की ती कोपऱ्यावर येताच गल्लीतले पत्ते खिशात जायचे. रावसाहेबांना वाटे, केवढा आपला दरारा!

नागोजीनं टॅपेटं बसवली, गाडी सुरू केली. चालू आहे की बंद, कळेना! पेठ बॉनेटला कान लावून बघू लागली. नागोजीनं सगळ्यांना चहा पाजला.

चौथ्या दिवशी रावसाहेब आले ते तोंड पाडून.

"नागोजी, पहिल्यासारखी वाजू दे गाडी."

"का हो, काय चुकलं?"

"काल घरात शिरलो तर आमची मंडळी काखेत छत्री धरून माझी नक्कल करत होती. शेजारणी लोळत होत्या. आणि ती स्वतः हसत होती रे! पस्तीस वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला बघितलं आणि गप्पकन आत गेली." रावसाहेब घुटमळले. "मी येतोय हे तिला आधी कळू दे. तोवर हसून घेईल."

"पण पेठ म्हणेल, नागोजी फसला."

"ठाऊक आहे. म्हणून तर हात जोडतोय."

नागोजीनं भोकांची टॅपेटं आतच ठेवली, फक्त व्हॉल्व्हची फट वाढवली. तेल पोचत राहिलं आणि त्या फटीमुळे गाडी टकटकत निघाली. पेठेनं टाळ्या पिटल्या. नागोजीनं शिडी लावून पाटी उतरवली.

"अरे, सांग की त्यांना खरं!" मी भडकलो.

"परक्या बाईच्या हसण्याचं पेठेत काय सांगू, अण्णा?"

पंच्याऐंशीत ते इंजिन पुन्हा उघडलं. कॅमवर ओरखडासुद्धा नव्हता. नागोजीनं मला एकट्यालाच बोलावून दाखवलं, बोट फिरवायला लावलं. मग सगळं जागच्या जागी बसवलं, आणि फट पुन्हा मोठीच ठेवली.