झोपू दे त्याला

मित्रांनो, ही पोस्ट हॉस्पिटलमधून.

आज आमच्या कॉलेजचा फेस्ट. दुपारी ऑडिटोरियममागे एक ज्युनिअर उताणा पडलेला दिसला. आमच्या निपाणीकडचा, म्हणून तोंडओळख. शेजारी त्याचेच चार मित्र सेल्फी काढत होते. म्हणे, "जरा जास्त झाली. झोपलाय, झोपू दे त्याला."

मी गदागदा हलवलं, चिमटा काढला. हूं नाही की चूं नाही. ओठ निळसर पडलेले, आणि एका श्वासानंतर दुसरा येईचना. झाडू मारणाऱ्या अक्का कन्नडमध्ये ओरडत धावल्या, "कुशीवर करा, उलटी घशात जाईल!" आम्ही त्याला वळवलं आणि तो लगेच ओकला. मी अँब्युलन्स बोलावली.

वाटेत त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. मी उचलला. "काकू, तो झोपलाय," एवढंच तोंडातून निघालं.

"झोपू दे त्याला," त्या म्हणाल्या. "अभ्यासानं दमला असेल."

तो आता आयसीयूत आहे. डॉक्टर काहीच सांगत नाहीत. फोन माझ्याचकडे आहे आणि पुन्हा वाजतोय.

उचलून पहिलं वाक्य काय बोलू?